एक डाळिंब, तीन द्रव्ये : संयुक्त उत्पादनाचा खर्च आणि अखेरचा साठा

औषधनिर्मितीच्या बाबतीत आपल्या शास्त्राने मापाचा आग्रह फार पूर्वीपासून धरला आहे. स्नेहकल्पनेत कल्क, स्नेह आणि द्रव यांचे 1 : 4 : 16 हे प्रमाण विद्यार्थिदशेपासून आपल्या जिभेवर असते. क्वाथ किती उरवावा, पाक कोणत्या लक्षणांवर उतरवावा, भस्माच्या कोणत्या परीक्षा घ्याव्यात, याविषयी आपण काटेकोर असतो. परंतु त्याच क्वाथाचा आणि त्याच पाकाचा खर्च मांडण्याची वेळ आली की हा काटेकोरपणा बहुतेक ठिकाणी सुटतो. 31 मार्च जवळ आला की लेखापालांचा निरोप येतो, आणि कपाटातील बरण्या व सांधानगृहातील पिंपे यांकडे पाहून अंदाजाने एक आकडा कळविला जातो. त्या एका आकड्यावर त्या वर्षाचा नफा, त्यावरील कर आणि भागीदारांचे वाटे अवलंबून असतात. इतकेच नव्हे, तर कोणते औषध पुढे चालू ठेवावयाचे आणि कोणते परवडत नाही म्हणून बंद करावयाचे, हेही पुष्कळदा त्याच आकड्यांवरून ठरते. औषध बंद झाले की त्याचा परिणाम रुग्णापर्यंत पोहोचतो. म्हणून हा विषय केवळ लेखापालांचा नाही, तो वैद्याचाही आहे, असे आम्हांस वाटते.

प्रस्तुत लेखात दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. एकाच द्रव्यापासून एकाच प्रक्रियेत दोन-तीन औषधी द्रव्ये निघत असतील, तर त्यांचा सामाईक खर्च कसा वाटावा? आणि वर्षाच्या अखेरीस जे तयार अथवा अर्धवट औषध शिल्लक असते, त्याचे मूल्य कसे ठरवावे? उदाहरणांतील रकमा हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतलेल्या आहेत, त्या बाजारभाव समजू नयेत. रीत मात्र प्रत्येकास आपल्या फार्मसीत जशीच्या तशी वापरता येईल.

संयुक्त खर्च म्हणजे काय?

दूध विरजून घुसळले की लोणी आणि ताक ही दोन्ही एकदमच हाती येतात. दुधाचा दर आणि घुसळण्याचे श्रम यांपैकी लोण्याचे किती आणि ताकाचे किती, हे कोणी कितीही बारकाईने पाहिले तरी सांगता येत नाही, कारण घुसळण्याच्या क्षणापर्यंत दोन्हींचे अस्तित्वच वेगळे नव्हते. अशा अविभाज्य खर्चास परिव्यय लेखाशास्त्रात ‘संयुक्त खर्च’ म्हणतात. ज्या टप्प्यावर पदार्थ वेगळे ओळखता येऊ लागतात तो ‘विलगीकरणाचा टप्पा’ होय. त्यापुढे लोणी कढवून तूप करण्यास जे सरपण लागले ते मात्र निःसंशय तुपाचेच. याचा अर्थ असा की विलगीकरणानंतरच्या खर्चाविषयी वाद नसतो, वाद असतो तो त्यापूर्वीच्या खर्चाविषयी.

निघालेल्या पदार्थांतही भेद करावा लागतो. ज्यांचे मूल्य लक्षणीय असते ती संयुक्त उत्पादने. ज्यांचे मूल्य मुख्य उत्पादनाच्या मानाने किरकोळ असते ती उपउत्पादने. आणि ज्यांना मूल्यच नाही तो निव्वळ गाळ वा चोथा. एकच पदार्थ एका फार्मसीत संयुक्त उत्पादन आणि दुसरीत चोथा असू शकतो, कारण हा भेद द्रव्याच्या गुणांवर नसून ते विकले जाते की नाही यावर आहे.

ऊसपट्ट्यातील परिचित वाद

सोलापूर जिल्ह्यातील वाचकास हा प्रश्न मुळीच अपरिचित नाही, कारण आपल्या जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या गव्हाणीवर तो प्रत्येक गळीत हंगामात उभा राहतो. ऊस एकच असतो, पण त्यापासून साखर, मळी, बगॅस आणि प्रेसमड अशी चार द्रव्ये निघतात. उसाचा दर देताना केवळ साखरेचे उत्पन्न धरावे की मळी व बगॅसचेही? सन 2012 मध्ये डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने याविषयी जे सूत्र सुचविले ते लक्षात घेण्यासारखे आहे. साखर आणि प्राथमिक उपपदार्थ या सर्वांचे उत्पन्न धरले तर त्याचा 70 टक्के हिस्सा ऊस उत्पादकास मिळावा, आणि केवळ साखरेचे कारखाना पातळीवरील मूल्य धरले तर 75 टक्के मिळावा, असे ते सूत्र होते. महाराष्ट्राने 2013 मध्ये ऊसदराच्या विनियमनासाठी स्वतंत्र कायदाही केला. येथे आपणांस घ्यावयाचा बोध एवढाच की, उपपदार्थ हिशेबात धरले की न धरले यावरून उत्पादकाच्या पदरात पडणारी रक्कम बदलते. विभागणीचा पाया हा निव्वळ आकडेमोडीचा विषय नसून न्यायाचाही विषय आहे.

डाळिंबाचे उदाहरण

आता आपल्या व्यवसायाकडे वळू. डाळिंब ही सोलापूरची ओळख आहे. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र 2005 मध्ये सोलापूर येथेच स्थापन झाले, आणि सोलापूर डाळिंबास 2016 मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. मृग, हस्त आणि आंबे अशा तीन बहारांमुळे फळ वर्षाच्या बऱ्याच काळात उपलब्ध होते. तडकलेली अथवा आकाराने लहान फळे ताज्या फळांच्या बाजारात मागे पडतात, पण ती आतून निर्दोष असतील तर रसासाठी चालतात. वैद्याच्या दृष्टीने या फळात रस आहे, ज्यापासून दाडिमावलेह होतो. फलत्वक् म्हणजे साल आहे, जी अतिसार व ग्रहणी यांत ग्राही म्हणून वापरली जाते. आणि रस काढल्यावर उरणारे बी आहे.

समजा, एका बॅचला 100 किलो फळ प्रतिकिलो 60 रुपयांप्रमाणे 6,000 रुपयांस घेतले. धुणे, सोलणे, दाणे काढणे व रस गाळणे यांची मजुरी 1,500 रुपये आणि वीज, पाणी इत्यादी 600 रुपये. एकूण संयुक्त खर्च 8,100 रुपये झाला. यातून 40 किलो रस, 40 किलो ओली साल आणि काही बी निघाले. बी 180 रुपयांस विकले गेले. ही रक्कम किरकोळ असल्यामुळे बी हे उपउत्पादन ठरते आणि त्याची प्राप्ती संयुक्त खर्चातून वजा करावयाची. उरले 7,920 रुपये. हे रस आणि साल यांत वाटावयाचे आहेत.

विलगीकरणानंतर रसापासून 40 किलो अवलेह तयार झाला. त्यासाठी साखर, प्रक्षेपद्रव्ये, इंधन, मजुरी व बरण्या मिळून 7,000 रुपये लागले. अवलेह 500 रुपये किलोने विकतो, म्हणजे एकूण 20,000 रुपये येतात. तो विकण्यासाठी वाहतूक व दलाली 1,000 रुपये पडते. साल वाळवून 12 किलो चूर्ण झाले. वाळवणे, दळणे व पिशव्या यांस 600 रुपये लागले आणि 150 रुपये किलोप्रमाणे त्याचे 1,800 रुपये येतात.

वजनाप्रमाणे वाटणी

सर्वांत सोपी रीत वजनाची, आणि लहान फार्मसींत ती सहज स्वीकारली जाते. रस 40 किलो, साल 40 किलो, म्हणून प्रत्येकी 3,960 रुपये. आता सालीच्या चूर्णाचा खर्च पहा : 3,960 अधिक 600, म्हणजे 4,560 रुपये, भागिले 12, अर्थात प्रतिकिलो 380 रुपये. विक्रीचा दर 150 रुपये. हा ताळेबंद पाहून कोणीही म्हणेल की सालीचे चूर्ण करणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. दुसऱ्या बाजूस अवलेहाचा खर्च 3,960 अधिक 7,000, म्हणजे 10,960 रुपये, प्रतिकिलो 274 रुपये दिसतो आणि नफा भरघोस भासतो.

दोन्ही निष्कर्ष घातक आहेत. पहिल्यावर विसंबून साल उकिरड्यावर टाकली, तर तिच्या माथ्यावरचे 3,960 रुपये तिच्याबरोबर जात नाहीत. फळ तर विकत घेतलेलेच असते. ते सर्व रुपये अवलेहावर येऊन बसतात. साल ठेवली तर संपूर्ण बॅचचा नफा 5,280 रुपये होता, टाकली तर तो 4,080 रुपये उरतो. आपण 600 रुपये खर्चून 1,800 रुपये मिळविण्याची संधी गमावली, आणि एक स्वस्त व उपयुक्त औषध रुग्णास दुर्मिळ केले.

दुसरा निष्कर्ष अधिक फसवा आहे. अवलेहाचा खर्च 274 रुपये आहे असे समजून स्पर्धेपोटी तो ठोक विक्रेत्यास 340 रुपये दराने दिला, तर कागदावर अवलेहात 1,640 रुपये नफा दिसेल. प्रत्यक्षात अवलेहाचे 13,600 रुपये आले, त्यातून 7,000 व 1,000 वजा जाता 5,600 राहिले. त्यांत सालीचे 1,200 मिळविले तरी 6,800 होतात आणि संयुक्त खर्च 7,920 आहे. बॅच 1,120 रुपये तोट्यात गेली. अशा तोट्याचे कारण सापडले नाही, की पुढे साखरेच्या अथवा प्रक्षेपद्रव्यांच्या दर्जात तडजोड करण्याचा मोह होतो. चुकीच्या हिशेबाची किंमत औषधाच्या गुणवत्तेने मोजावी लागते ती अशी.

मूल्याप्रमाणे वाटणी

दुसरी रीत विक्रीमूल्याच्या प्रमाणात खर्च वाटण्याची. रस ज्या अवस्थेत निघतो त्या अवस्थेत आपण तो विकत नसल्यामुळे मागे गणित करून त्याचे मूल्य काढावे लागते. अंतिम विक्रीतून विलगीकरणानंतरचा खर्च वजा करावयाचा. रसाचे असे मूल्य 20,000 उणे 7,000 उणे 1,000, म्हणजे 12,000 रुपये. सालीचे 1,800 उणे 600, म्हणजे 1,200 रुपये. एकूण 13,200. आता 7,920 रुपये याच प्रमाणात वाटले तर रसाकडे 7,200 आणि सालीकडे 720 रुपये येतात. अवलेहाचा खर्च 7,200 अधिक 7,000, म्हणजे 14,200 रुपये, प्रतिकिलो 355 रुपये. सालीच्या चूर्णाचा खर्च 720 अधिक 600, म्हणजे 1,320 रुपये, प्रतिकिलो 110 रुपये.

भारतीय सनदी लेखापाल संस्थेच्या लेखा मानक 2 (1999 मध्ये सुधारित) याची भूमिका अशीच आहे. संयुक्त उत्पादनांचा खर्च वेगळा ओळखता येत नसेल तर तो तर्कसंगत व सातत्यपूर्ण पायावर वाटावा, सापेक्ष विक्रीमूल्य हा असा एक पाया आहे, आणि किरकोळ उपउत्पादनाचे निव्वळ प्राप्य मूल्य मुख्य उत्पादनाच्या खर्चातून वजा करावे, असे हे मानक सांगते. वजनाचा पाया सर्वत्र चूक आहे असे नाही. निघणारे पदार्थ एकाच जातीचे व जवळपास सारख्या मोलाचे असतील, जसे एकाच वनस्पतीचे भरड व बारीक चूर्ण, तर वजनानेही वाटणी नीट होते. परंतु जेथे एका पदार्थाचे मोल दुसऱ्याच्या अनेक पट आहे तेथे वजन दिशाभूल करते.

येथे एक वैद्यकीय सावधगिरी सांगितली पाहिजे. साल औषधासाठी घ्यावयाची तर फळावर तेल्या रोगाचे डाग नसावेत आणि फवारणीनंतरचा प्रतीक्षाकाळ पाळलेला असावा, कारण बाहेरून फवारलेले द्रव्य प्रथम सालीवरच बसते. अशी खात्री नसलेल्या फळाची साल औषधात वापरता कामा नये. तेव्हा तिचे मूल्य शून्य आणि सर्व संयुक्त खर्च रसाचा. फळाच्या खरेदीच्या वेळी बागायतदाराकडून फवारणीची नोंद मागून घेणे हे म्हणूनच औषधाच्या शुद्धतेबरोबर हिशेबाचेही काम आहे.

मकरध्वज आणि तळाशी उरलेले सुवर्ण

रसशाळा चालविणाऱ्यांच्या दृष्टीने याहून मोठ्या रकमेचे उदाहरण मकरध्वजाचे आहे. सुवर्ण 1 भाग, पारद 8 भाग आणि गंधक पाठभेदाने 16 किंवा 24 भाग घेऊन कज्जली केली जाते, भावना देऊन ती काचकुपीत भरतात आणि वालुकायंत्रात क्रमाग्नी देतात. कुपीच्या कंठाशी मकरध्वज जमतो आणि सुवर्ण बहुतांशी तळाशी राहते. हे तलस्थ सुवर्ण पुढे शुद्ध करून पुन्हा उपयोगात आणले जाते अथवा त्याचे भस्म केले जाते.

समजा, 10 ग्रॅम सुवर्ण प्रतिग्रॅम 10,000 रुपयांप्रमाणे 1,00,000 रुपयांचे घातले आणि 80 ग्रॅम पारद, गंधक, शोधन, भावना, कुपी, इंधन व मजुरी यांस 20,000 रुपये लागले. कंठस्थ मकरध्वज 80 ग्रॅम मिळाला. सर्व खर्च त्यावरच टाकला तर प्रतिग्रॅम 1,500 रुपये पडतात. परंतु तळाशी 9 ग्रॅम सुवर्ण मिळाले असेल आणि ते पुन्हा वापरायोग्य करण्यास 6,000 रुपये लागणार असतील, तर त्याचे मूल्य 84,000 रुपये आहे. ते वजा करता मकरध्वजाचा खर्च 36,000 रुपये, म्हणजे प्रतिग्रॅम 450 रुपये होतो.

तलस्थ सुवर्णास ‘उपउत्पादन’ म्हणणे योग्य नाही, कारण त्याचे मूल्य किरकोळ नाही. ते परत मिळालेले मूळ द्रव्य आहे. म्हणून ते तोलून, तारीख घालून, कच्च्या मालाच्या नोंदवहीत परत जमा करावे. असे न केल्यास मकरध्वज अकारण महाग ठरतो आणि त्याच सुवर्णाचे भस्म ‘फुकटात’ तयार झालेले दिसते. शिवाय नोंद नसलेले सुवर्ण हा भागीदारांतील संशयाचा आणि कर अधिकाऱ्यांच्या प्रश्नांचा कायमचा विषय होऊन बसतो.

सांधानगृहातील अर्धवट माल

आता अखेरच्या साठ्याकडे वळू. तयार औषधाची गणना सोपी असते. खरी अडचण 31 मार्च रोजी सांधानात असलेल्या आसवारिष्टांची. ते कच्चा माल राहिलेले नाहीत आणि तयार औषधही झालेले नाहीत. येथे प्रक्रिया परिव्यय पद्धतीतील ‘समतुल्य एकक’ ही कल्पना उपयोगी पडते. अर्धे काम झालेले 200 लिटर म्हणजे कामाच्या दृष्टीने पूर्ण झालेले 100 लिटर, एवढाच तिचा अर्थ.

समजा, मार्च महिन्यात अशोकारिष्टाची प्रत्येकी 200 लिटरची तीन पिंपे लावली. दोन गाळून तयार झाली आणि एक महिनाअखेर सांधानात आहे. महिन्याच्या आरंभी काहीही शिल्लक नव्हते. अशोकत्वक्, गूळ, धायटीची फुले व प्रक्षेप यांचा खर्च 36,000 रुपये आणि इंधन, मजुरी, वीज, यंत्रांची झीज इत्यादी प्रक्रियेचा खर्च 25,000 रुपये झाला. द्रव्ये आरंभीच घातली असल्यामुळे द्रव्यांच्या दृष्टीने तिन्ही पिंपे पूर्ण आहेत : 36,000 भागिले 600, म्हणजे प्रतिलिटर 60 रुपये. प्रक्रियेच्या दृष्टीने तिसऱ्या पिंपाचे अर्धे काम झाले असे धरले, तर समतुल्य लिटर 400 अधिक 100, म्हणजे 500. 25,000 भागिले 500, म्हणजे प्रतिलिटर 50 रुपये. तयार 400 लिटरचे मूल्य 110 रुपयांप्रमाणे 44,000 रुपये. सांधानातील पिंपाचे मूल्य द्रव्यांचे 12,000 आणि प्रक्रियेचे 5,000, म्हणजे 17,000 रुपये. दोहोंची बेरीज 61,000 होते आणि एकूण खर्चाशी ताळा बसतो. बाटल्या व वेष्टने केवळ तयार मालासच लागली असल्याने त्यांचा खर्च वेगळा, त्याच मालावर धरावा.

‘अर्धे काम’ हे कशावरून ठरवावे? येथे एक गैरसमज सर्रास आढळतो. तीस दिवसांच्या सांधानातील पंधरा दिवस झाले म्हणून काम अर्धे झाले, असे मानले जाते. परंतु सांधानात दिवस जातात तसा खर्च जात नाही. खर्च होतो तो आरंभी, क्वाथ करताना, गूळ विरघळविताना, पात्र धूपन करून संधिबंधन करताना, आणि अखेरीस गाळताना व भरताना. मधल्या काळात देखरेखीपलीकडे फारसे काही लागत नाही. म्हणून पिंप लावून तीन दिवस झाले असोत वा पंचवीस, कामाचे प्रमाण जवळजवळ तेच राहते. आपल्या फार्मसीत क्वाथाच्या टप्प्यावर प्रक्रियेच्या एकूण खर्चाचा किती भाग होतो हे एकदा दोन-तीन बॅचवर प्रत्यक्ष मोजावे आणि तेच प्रमाण पुढे वापरावे.

घट आणि बिघाड

क्वाथ आटताना, सांधानात व गाळताना काही अंश कमी होतो आणि तळाशी गाळ बसतो. ही नेहमीची घट अपरिहार्य असल्यामुळे तिचा भार चांगल्या औषधावरच पडतो. 600 लिटरमधून नेहमी 576 लिटरच हाती येत असेल, तर संपूर्ण खर्चास 576 ने भागावे. परंतु एखादे पिंप आंबून शुक्त झाले अथवा फुटले, तर तो असामान्य बिघाड होय. त्याचा खर्च उरलेल्या पिंपांवर चढविणे म्हणजे बिघाड साठ्यात लपविणे. तो त्या वर्षाच्या तोट्यात वेगळा दाखवावा. असे केल्याने बिघाड डोळ्यांसमोर राहतो आणि पात्राची स्वच्छता, गुळाची प्रत अथवा सांधानगृहाचे तापमान यांत दोष कोठे आहे याचा शोध घेता येतो. सोलापूरच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात या शोधाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

खर्च की विक्रीमूल्य?

अखेरच्या साठ्याविषयीचा मुख्य नियम असा की, खर्च आणि निव्वळ प्राप्य मूल्य यांपैकी जे कमी असेल ते घ्यावे. 2016 मध्ये अधिसूचित झालेल्या आयकरविषयक उत्पन्न गणना मानकांतही साठ्याबाबत हेच तत्त्व आहे. निव्वळ प्राप्य मूल्य म्हणजे अपेक्षित विक्री किमतीतून माल पूर्ण करण्याचा व विकण्याचा खर्च वजा जाता उरणारी रक्कम.

डाळिंबाच्या बॅचमधील 10 किलो अवलेह व 5 किलो सालचूर्ण 31 मार्च रोजी शिल्लक आहे असे धरू. विक्रीच्या दराने मोजल्यास 5,750 रुपये होतात, पण न विकलेल्या मालावरील नफा आधीच धरला गेल्यामुळे ते अमान्य आहे. मूल्याधारित वाटणीने अवलेहाचे 3,550 व चूर्णाचे 550, मिळून 4,100 रुपये होतात. वजनाधारित वाटणीने अवलेहाचे 2,740 आणि चूर्णाचे, खर्च 380 असला तरी प्राप्य मूल्य 150 म्हणून, 750, मिळून 3,490 रुपये. माल तोच, तारीख तीच, आणि मूल्यात 610 रुपयांचा फरक. म्हणूनच एकदा निवडलेली रीत दरवर्षी सोयीप्रमाणे बदलू नये. यंदा साठा कमी दाखवून वाचविलेला नफा पुढील वर्षी उगवतोच.

विक्रीचा खर्च, तयार मालाच्या गोदामाचे भाडे आणि दवाखान्याचा खर्च साठ्याच्या मूल्यात धरू नये. सांधानगृहाचे भाडे मात्र धरता येते, कारण तेथे ठेवणे हा प्रक्रियेचाच भाग आहे.

या बाबतीत आपल्या शास्त्राची दृष्टी आणि खातेवहीची दृष्टी यांत एक मनोरंजक भेद आहे. शार्ङ्गधरांनी चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनी आणि गुटी व अवलेह यांचे एका वर्षाने उणावते असे सांगितले आहे, तर आसव, धातू व रसकल्प जुने होतील तसे गुणवान होतात असे मानले आहे. खातेवही यांतील पहिला भाग स्वीकारते. मुदत संपत आलेल्या चूर्णाचे प्राप्य मूल्य घटते आणि मुदत संपल्यावर शून्य होते, मग खर्च काहीही झालेला असो. दुसरा भाग ती स्वीकारत नाही. चार वर्षांचे अरिष्ट गुणाने वाढले असले तरी साठ्यात ते खर्चानेच लिहावे. वाढलेला गुण विक्रीच्या दिवशी नफ्याच्या रूपाने दिसेल.

वाटणीची मर्यादा

मूल्याप्रमाणे केलेली वाटणीही अंतिम सत्य नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. तिच्यात किमतीवरून खर्च काढलेला असतो. त्यामुळे त्या खर्चावरून पुन्हा किंमत ठरवू गेल्यास आपण वर्तुळात फिरू लागतो. अवलेहाचा भाव उद्या वाढला तर सालीचा ‘खर्च’ आपोआप घटेल, आणि सालीला मात्र त्याची वार्ताही नसेल.

म्हणून तीन प्रश्नांस तीन वेगळ्या आकड्यांनी उत्तरे द्यावीत. साठ्याचे मूल्य किती, या प्रश्नास वाटणीने उत्तर द्यावे. एखादे द्रव्य चालू ठेवावे की बंद करावे, या प्रश्नास वाटणीचा आकडा मुळीच वापरू नये. तेथे केवळ विलगीकरणानंतरचा जादा खर्च आणि त्यापासूनचे जादा उत्पन्न यांची तुलना करावी. आणि किंमत ठरविताना संपूर्ण बॅचचा खर्च व संपूर्ण बॅचचे उत्पन्न समोर ठेवावे. सालीच्या चूर्णाविषयीचा चुकीचा निर्णय दुसऱ्या प्रश्नास पहिल्याचा आकडा लावल्यामुळे झाला होता.

प्रत्यक्ष काय करावे?

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील नियमांत 2000 मध्ये अनुसूची ‘टी’ अंतर्भूत झाल्यापासून परवानाधारक फार्मसीस प्रत्येक बॅचची नोंद ठेवावी लागते. स्वतःच्या रुग्णांपुरते औषध करणाऱ्या वैद्यांस परवान्यातून सूट असली तरी त्यांनीही ही सवय लावून घ्यावी. हिशेबासाठी वेगळी वही नको. त्याच बॅचनोंद पत्रकात पुढील गोष्टी वाढवाव्यात.

1. प्रत्येक द्रव्याच्या वजनापुढे त्याची किंमत आणि प्रत्येक टप्प्यापुढे इंधन व मजुरी लिहावी.

2. विलगीकरणाचा टप्पा ठळक रेघ ओढून दाखवावा. रेघेच्या वरचा खर्च संयुक्त, खालचा ज्याचा त्याचा.

3. रेघेपाशी निघालेल्या प्रत्येक पदार्थाचे वजन नोंदवावे. चोथा, साल, बी, तलस्थ द्रव्य, काहीही वगळू नये.

4. वाटणीचा पाया कोणता व का, हे एका वाक्यात लिहून त्यावर मालक अथवा भागीदारांनी स्वाक्षरी करावी.

5. 31 मार्च रोजी पिंपांतील द्रव मोजपट्टीने मोजावा. अर्धवट मालाची टक्केवारी कामावरून ठरवावी, दिवसांवरून नव्हे.

6. बिघडलेली बॅच वेगळ्या पानावर, कारणासह नोंदवावी.

7. मुदत संपत आलेल्या औषधांची स्वतंत्र यादी करून ती लेखापालांकडे साठ्याच्या आकड्याबरोबरच द्यावी.

लेखापाल नियम जाणतात, परंतु सालीचा उपयोग होतो की नाही, तळाशी किती सुवर्ण राहते, क्वाथ झाला म्हणजे काम किती झाले, हे त्यांस ठाऊक असण्याचे कारण नाही. ही माहिती वैद्याजवळ असते आणि ती त्यानेच द्यावयाची असते. द्रव्य तोलताना जो काटा आपण वापरतो तोच काटा त्याच्या खर्चासही लावला, तर परवडत नाही या समजुतीने बंद पडलेली काही कल्पे आपल्या कपाटांत पुन्हा दिसू लागतील. सभासद वैद्यबंधूंनी व भगिनींनी येत्या मार्चअखेरपूर्वी निदान एका बॅचवर ही रीत करून पहावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.